वाटाड्या

"मावशी, पहिली होडी कायम गावातल्या आजोबांची. आम्ही मागं," भाची फोनवर म्हणाली. कॅनडातल्या युकॉनमध्ये, पील नदीच्या खोऱ्यात ती ग्विचिन आदिवासी मुलांबरोबर वल्हं मारते. त्या वाक्यापायी मी निघाले. याच नदीवर वाटाड्याला परत पाठवून मेलेल्या चौघांची गोष्ट कित्येक वर्षं माझ्या मनात होती.

वाटेत डॉसन शहराचं सोनं, जॅक लंडनची झोपडी घाईनं उरकली. पुढं फोर्ट मॅकफर्सन गावापर्यंत डेम्पस्टर हायवेची साडेपाचशे किलोमीटर खडी.

ते चौघे म्हणजे इन्स्पेक्टर फिट्झजेराल्डची पोलीस तुकडी. ती २१ डिसेंबर १९१० रोजी फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाली. इसॉ जॉर्ज हा ग्विचिन माणूस वाट दाखवत होता. १ जानेवारीला त्याला पैसे देऊन परत पाठवलं. पुढं वळायचा ओढाच सापडेना. माघारी फिरले, कुत्री मारून खाल्ली, आणि गाव चाळीसेक किलोमीटर उरलं असताना शेवटचे दोघे गेले. त्यांना शोधणाऱ्या डेम्पस्टरबरोबर चार्ली स्ट्यूअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. रस्त्याला नाव मात्र डेम्पस्टरचं.

पील नदीवरच्या फेरीबोटीच्या रांगेत इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक भेटले. वेगाच्या हौसेपायी शिधा कमी नेला, तिथंच घात झाला, असं त्यांचं मत. "इसॉ असता तर तेवढा शिधा पुरला असता," मी म्हटलं. त्यांना पटलं नाही.

हा वाद मला जुना वाटत नाही. २०११ मध्ये पील खोऱ्याच्या नियोजन आयोगानं त्याचा ८० टक्के भाग राखायला सांगितला. २०१४ मध्ये युकॉन सरकारनं तो आराखडा बाजूला सारून बहुतेक खोरं खाणींना मोकळं ठेवलं. पुन्हा वाटाड्याला रजा! आदिवासी कोर्टात गेले. २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा आराखडा रद्द ठरवला. २०१९ मध्ये ८३ टक्के खोरं राखायचं ठरलं. पण कायमचं संरक्षण ५५ टक्क्यांनाच. बाकीच्याचा फेरविचार होऊ शकतो. तो होईल तेव्हा निर्णय भाचीबरोबर वल्हं मारणाऱ्या मुलांच्या हाती असेल.

मॅकफर्सनच्या चर्चजवळ त्या चौघांची थडगी पाहिली आणि काठावर येऊन बसले. आर्क्टिक महासागर बघायचा राहिला, राहू दे. संध्याकाळी होड्या दिसल्या. पहिलीतल्या आजोबांनी वल्हं उचलून डावीकडे दाखवलं. मागच्या साऱ्या वळल्या.