हरवलेले चार अ

मुलांनो, मी चौथीच्या वर्गाला शिकवते. पाढे, भागाकार, फार तर अपूर्णांक! त्यामुळे शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आली, की मी जरा खुशीत असायची.

त्या दिवशीचं गणित असं होतं : क्ष² − ३क्ष + ४ या राशीत क्ष = अ + २ ठेवा. तिचं उत्तर होतं अ² − ३अ + २. मी भराभर नजर फिरवली. अ चा वर्ग अ², दोनाचा वर्ग ४, मग −३अ − ६, शेवटी ४. झालं! लाल पेनाने 'बरोबर'ची खूण केली आणि भाजी फोडणीला टाकायला गेले.

चार दिवसांनी चाचणीत तसंच गणित आलं आणि तिला त्यात भोपळा मिळाला. भांडली नाही हो ती. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही खूण केली होतीत ना?"

रात्री वही घेऊन बसले. अ च्या जागी ० ठेवला. क्ष झाला २. मूळ राशीची किंमत २, आमच्या उत्तराचीही २. हुश्श! तरी चैन पडेना, म्हणून १ ठेवला. क्ष झाला ३. मूळ राशी ९ − ९ + ४, म्हणजे ४. आमचं उत्तर मात्र ०! शून्याने आमची चूक छान झाकली होती.

सकाळी तिला अंगणात बोलावलं आणि रांगोळीचे पाच बाय पाच ठिपके काढले. एका कोपऱ्यात तीन बाय तीनचा चौकोन केला, समोरच्या कोपऱ्यात दोन बाय दोनचा. ९ आणि ४ मिळून १३. "पण ठिपके तर २५ आहेत!" ती म्हणाली. उरलेले १२ दोन पट्ट्यांत होते, सहा-सहा. आता तीनच्या जागी अ धरा. प्रत्येक पट्टी २अ ची. हेच चार अ आम्ही दोघींनी गिळले होते!

विस्तारसूत्र तिला तोंडपाठ होतं, बरं का. पण (अ + २)² असा कंसच घातला नाही, तर सूत्र आठवणार कसं? आता नीट मांडलं : अ² + ४अ + ४ − ३अ − ६ + ४, म्हणजे अ² + अ + २. १ ठेवला, ४ आले.

मग मी माझ्याच लाल खुणेवर काट मारली आणि खाली सही केली.

तुम्ही क्ष² − ५क्ष + १ मध्ये क्ष = अ + ३ ठेवून बघा. उत्तर मला दाखवू नका हं, १ ठेवून तुमचं तुम्हीच तपासा.