दोन सेकंद

विहिरीवरच्या जुन्या पंपाची एक गोष्ट मला लहानपणी फार चमत्कारिक वाटे. पाणी उपसावयाचे ते त्याने; पण तो सुरू करण्यापूर्वी त्याच्याच पोटात बादलीभर पाणी ओतावे लागे. आत वारा राहिला की तो नुसता घरघरत बसे. पिंपरी पेंढारच्या आमच्या मळ्यात ही बादली ओतण्याचे काम माझ्याकडे होते, आणि पाण्यासाठी आधी पाणी लागावे हा अन्याय मला कधीच पटला नाही.

पुढे पुण्यास येऊन मी ज्या धंद्यात पडलो, तेथे तीच बादली निराळ्या रूपाने भेटली. हल्ली लहानसहान यंत्रांतही एक संगणक दडलेला असतो. वीज येताच तो जागा होतो खरा, परंतु आपला मुख्य प्रोग्रॅम कोठे ठेवला आहे, हेही त्याला ठाऊक नसते. तो शोधून आणणारा एक छोटा प्रोग्रॅम आधी चालावा लागतो. त्याचे नाव बूटलोडर. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने सुरू केलेला ‘यू-बूट’ हा त्यांतला नावाजलेला. २००२ पासून तो या नावाने ओळखला जातो. मात्र तो जसाच्या तसा चालत नाही. मेमरी कोणती, पोर्ट कोणते, प्रोग्रॅम कोठून उचलावयाचा, अशा शेकडो निवडींची यादी पडद्यावर उघडते. तीवर खुणा करीत जावयाचे आणि मग आपल्या यंत्रापुरता बूटलोडर बांधून घ्यावयाचा. लग्नाच्या याद्या करण्यात मुरलेल्या वडीलधाऱ्यांना या कामातली गोडी चटकन कळेल.

त्या यादीत ‘बूटडिले’ नावाची एक ओळ असते. मुख्य प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वी किती सेकंद थांबावयाचे, एवढेच ती विचारते. मुळात तेथे दोन हा आकडा असतो. तेवढ्यात कोणी केबल जोडून कळ दाबली, तर यंत्र थांबून पुढच्या हुकमाची वाट पाहते. उणे दोन लिहिले म्हणजे थांबणेही नाही आणि ऐकणेही नाही.

जुन्नर तालुक्यात उसाने बिबट्याला घर दिले आहे. आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की माणसाला मोटर लावण्यासाठी विहिरीवर जावेच लागते. आबांचे ते जाणे थांबावे म्हणून मी घरबसल्या मोटर सुरू करणारी एक पेटी तयार केली. तिच्यात मी उणे दोन लिहिले. विहिरीवर केबल घेऊन कोण बसणार आहे! यंत्र पुन्हा पुन्हा पडू लागले तर त्याने जुन्या प्रतीवर परत जावे, अशीही एक निवड होती. तीही मी सोडली. खरे सांगावयाचे तर पेटी किती झटकन उठते, हे मला आबांना दाखवावयाचे होते.

एका बुधवारी मी पुण्याहून पेटीत नवा प्रोग्रॅम धाडला, आणि तो अर्धा उतरला असता मळ्यातली वीज गेली. रात्री आबांचा फोन आला, “लाइट आली, पण पेटी नुसती मिचमिच करतीय. मोटर काही उठत नाही.”

शनिवारी मी केबल घेऊन विहिरीवर बसलो. पेटी उठे, अर्ध्या प्रोग्रॅमला ठेचाळून पडे, पुन्हा उठे. पडद्यावरून अक्षरे धावत होती. मी कळा बडवीत होतो. मी सांगितले होते तेच ती इमानाने करीत होती.

दुपारी जेवताना आईने माझ्याकडे न पाहता सांगितले, की तीन रात्री आबा काठी आणि बॅटरी घेऊन एकटेच विहिरीवर गेले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओल्या बांधावर तिला ठसे दिसले. आबा ताटातली भाकरी मोडत राहिले.

पेटी पुण्यास नेऊन सारे नव्याने भरावे लागले. सोमवारी ती परत बसविली, तोवरच्या दोन रात्रीही आबाच गेले होते.

“आता थांबते का ही?” त्यांनी विचारले.

“दोन सेकंद.”

“लाइट आल्यावर मी स्टार्टरला लगेच हात लावताना कधी पाहिलास? ती येते, जाते, पुन्हा येते.” एवढे बोलून त्यांनी पेटीचे झाकण लावले.

त्या रात्री मोटर घरातूनच सुरू झाली. बॅटरी मात्र आबांनी उशाशीच ठेवली होती.