वटारचीं बावखलें

नालासोपाऱ्यास आगगाडींतून उतरून पश्चिमेकडे निघालें म्हणजे इमारतींची दाटी हळूहळू विरळ होते आणि निर्मळच्या बाजूस वळतांच वाड्यांचा हिरवा मुलूख लागतो. निर्मळ हें शंकराचार्यांच्या समाधीमुळें व तेथील कार्तिकी यात्रेमुळें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. आगाशीचीं सुकेळीं तर कित्येकांच्या फराळांत आलेलीं असतील. त्याच टापूंतील वटारचें नांव मात्र सहसा कोणाच्या ओठीं नसतें. गेल्या श्रावणांत आम्ही या गांवीं गेलों तेव्हां केळीच्या बागा, पानवेली व मोगऱ्याचे ताटवे पाहून प्रसन्न झालों. परंतु आमचें लक्ष विशेष वेधलें तें तेथील बावखलांनीं.

बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागांत खणलेलें तळें. त्यास घाटाची किंवा देवळाची शोभा बहुधा नसते. पावसाळ्यांत आसमंतांतील पाणी वाहत येऊन त्यांत सांठतें आणि सावकाश जमिनींत मुरून सभोंवारच्या विहिरींस पोहोंचतें. समुद्र इतका जवळ असतां या विहिरी गोड कशा, असा प्रश्न आमच्या मंडळींनीं केला. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें तें भूमीच्या पोटांत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. वरून त्याची भर पडत राहिली तरच खारें पाणी दूर राहतें. बावखल बुजलें कीं ही भर आटते.

ज्या बागाईतदार गृहस्थांकडे आम्ही उतरलों होतों, त्यांच्या वाडींत असें दोन गुंठ्यांचें बावखल आहे. तें भरून जागा विकावी, अशी त्यांच्या मुलांची इच्छा. केवळ वाडीवर घर चालत नाहीं, हें मुलांचें म्हणणेंही खोटें नव्हे. वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, “जागा माझी, हें कागदावर खरें. पण आषाढांत शेजारच्या चार वाड्यांचें पाणी येथेंच येतें. मीं हें बुजविलें तर तें त्यांच्या ओटीवर चढेल. मग मीं विकलें तें काय?”

या प्रश्नाचें गांभीर्य कळण्यास तेथील भूमीची ठेवण पाहिली पाहिजे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावरचें पाणी सखल जमिनींतून व खाड्यांतून समुद्रास मिळावयाचें. पण मुसळधार पाऊस आणि भरती यांची गांठ पडली कीं तें जागच्या जागीं तुंबतें. पूर्वीं तें खाजणांत, मिठागरांत व बावखलांत पसरत असे. पुढें सखल जागांवर भराव पडत गेले. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून आगगाड्या बंद पडल्या, मिठागरांतील कुटुंबें अडकलीं आणि लोकांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें.

धरणें बांधणारे स्थापत्यकार जादा पाण्यासाठीं सांडवा ठेवतात. तो अपुरा पडल्यास पाणी माथ्यावरून उतरूं लागतें, आणि धरण मातीचें असल्यास तें कापून काढतें. कोंडलेलें पाणी सुटल्यावर काय होतें, हें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुणेकरांनीं पाहिलें. मुंबईस १८९२ पासून पाणी पुरविणारें तानसा धरण भरलें कीं कांठच्या गांवांस इशारा दिला जातो; सोडलेलें पाणी वज्रेश्वरीवरून वैतरणेस मिळून अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्रांत जातें. परंतु सांडवा पाण्याचा नाश करीत नाहीं. तो तें मापानें पुढें धाडतो. पुढें पसरावयास जागा नसेल, तर एकाचें रक्षण तें दुसऱ्याचें संकट होतें.

२०१८ च्या पुरानंतर नेमलेल्या तज्ज्ञांनीं पाणी धरून ठेवणारे तलाव करण्याची शिफारस केली. वटारच्या पूर्वजांनीं तें काम कुदळ-फावड्यानें आधींच करून ठेवलें आहे. तें राखावयाचें एवढेंच आपल्याकडे उरतें. मात्र त्याचा सारा भार एकट्या मालकावर टाकणें न्याय्य नव्हे. तो चार वाड्यांचें पाणी सांभाळतो. तर गाळ काढण्याचा खर्च चार वाड्यांनीं वांटून घ्यावा, आणि सरकारनेंही अशा जागेवर त्यास कांहीं मोबदला द्यावा. तसें झालें तर त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलांसही बावखल राखणें परवडेल.