कासुर्डीच्या रस्त्यावर बावीस सायकली

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की हडपसर मागे पडतं, मग लोणी काळभोर येतं, मग उरुळी कांचन, आणि त्यानंतर कासुर्डी. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं हे गाव. एसटीच्या खिडकीशी बसून शेंगा खात असलात, तर एका शेंगेचं टरफल काढेपर्यंत ते निघूनही जातं! पूर्वी इथं टोलनाका होता. गाड्या थांबायच्या, म्हणून मोटारवाल्यांना कासुर्डीचं नाव तरी ठाऊक झालं. आता ती वसुली बंद झाली आहे आणि गाड्या सुसाट जातात.

पण सायकलवरून जाणाऱ्याला हे गाव असं निसटत नाही. दक्षिणेला भुलेश्वरच्या बाजूचे डोंगर दिसतात, उत्तरेला पुणे–दौंड लोहमार्ग आणि त्याच्याही पलीकडे मुळा-मुठा नदी. खडकवासल्याचं पाणी दौंड-इंदापूरकडे नेणारा कालवा याच पट्ट्यातून जातो, त्यामुळं डोंगर करपलेले दिसले तरी खाली उसाची शेतं हिरवीगार असतात. गुऱ्हाळ चालू असेल तर ते दिसण्याआधी त्याचा वास येतो. मोटारीच्या काचा बंद असतात, त्यांना कुठला वास येणार?

या रस्त्यानं गेल्या हिवाळ्यात बावीस मुलं सायकलवरून गेली. उरुळी कांचनपासून कासुर्डीवरून यवत, आणि तसंच परत. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर. बरोबर शाळेचे दोन सर, एक ताई, आम्ही तीन पालक आणि मागून सामानाचा टेंपो. बावीस जणांत माझी भाची होती. इयत्ता सहावी. सायकल उत्तम चालवते, पण कुठं? तर सोसायटीच्या आवारात आणि फार तर क्लासपर्यंत. इतक्या जणांबरोबर रांगेत, तेही हमरस्त्याच्या कडेनं, असं ती कधी गेली नव्हती.

आदल्या रात्री नऊ वाजता ती म्हणाली, "मामा, पोटात दुखतंय."

साडेनऊला विचारलं, "मामा, मला उद्या ताप येईल का?"

दोस्तांनो, तुम्हालाही असं झालं असेल. परीक्षेच्या आधी, स्नेहसंमेलनात स्टेजवर जायच्या आधी. ते पोटात दुखणं खोटं नसतं बरं का. भीती वाटली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. ॲड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात उतरतं, छाती धडधडते, आणि पोटाकडं जाणारं रक्त कमी होऊन हातापायांच्या स्नायूंकडं वळतं. म्हणून पोटात गोळा येतो. म्हणजे खरं तर शरीर सायकल चालवायचीच तयारी करत असतं, फक्त दहा तास आधी!

"घाबरू नकोस" असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते मी गिळलं. असं सांगून आजवर कुणाची भीती गेली आहे? त्याऐवजी तिच्यापुढं एक कागद ठेवला आणि म्हटलं, "नक्की कशाची भीती वाटते, ते लिही."

तिनं लिहिलं: पंक्चर. चेन पडणं. ट्रक. तहान. आणि थोडं थांबून, बारीक अक्षरात, 'मी शेवटची राहिले तर?'

पहिल्या चार गोष्टी भराभर खोडता आल्या. पंक्चरचं सामान आणि पंप टेंपोत होता. चेन कशी बसवायची ते आम्ही व्हरांड्यात सायकल उलटी करून दोनदा करून पाहिलं. हात तेलकट होऊ नयेत म्हणून काडीनं चेन उचलून दात्यांवर बसवायची आणि पायडल हळूच फिरवायचं. ट्रकपासून दूर, कडेच्या पट्टीतूनच, एकामागे एक जायचं होतं. (आणि मुलांनो, मोठी माणसं बरोबर नसतील तर हमरस्त्यावर सायकल न्यायचीच नाही. यात घासाघीस नाही.) पाण्याची बाटली तर होतीच. राहिली पाचवी ओळ, आणि ती काही खोडता येईना. तिला खरी भीती रस्त्याची नव्हतीच. आपल्यामुळं सगळे खोळंबतील, मागे वळून पाहतील आणि हसतील, याची होती.

सायकलींचा मोठा घोळका म्हटलं की आपल्याला मुंबई–पुणे सायकल शर्यत आठवते. पुढचा तो जिंकला, मागचा तो हरला. पण घोळक्यानं जायच्या दुसऱ्याही तऱ्हा आहेत. फ्रान्समध्ये १९०४ सालापासून 'ऑडॅक्स' नावाच्या सायकलफेऱ्या होतात. तिथं रांगेच्या पुढं एक कप्तान असतो. तो ठरलेला वेग धरतो, हल्ली ताशी साडेबावीस किलोमीटर, आणि त्याला ओलांडून पुढं जायची कुणालाही परवानगी नसते. कितीही दमदार गडी असो! त्याच घराण्यातल्या 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या आपल्या पुण्यातही होतात. त्यात ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं जायचं असतं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं. पहिला-दुसरा नंबर नाहीच.

आणि फ्रान्सपर्यंत तरी कशाला जायचं? कासुर्डीवरून जाणारा हाच रस्ता तुकोबांच्या पालखीचा. देहूहून निघालेली पालखी पुण्यानंतर लोणी काळभोरला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी उरुळी, कासुर्डी करत यवतला पोचते. पंचवीस किलोमीटरांहून जास्त वाट, पायी, आषाढी वारीच्या गर्दीत. त्यात सत्तर वर्षांच्या आजीही असतात आणि पोरंसोरंही. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, काही रथापुढं चालतात, काही रथामागं. एखादी आजी मागं पडली तरी आपल्या दिंडीचा क्रमांक विचारत विचारत संध्याकाळी मुक्काम गाठते. यवतकरांची पिठलं-भाकरी तिच्या वाट्याची शिल्लक असते. तू शेवटी का आलीस, असं तिला कुणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत पंढरपूरला सायकलवरून वारी करणारे गटही निघू लागले आहेत.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "पण मामा, आजीला गिअरची सायकल असलेली मुलं हसत नाहीत ना!" मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसलो. ती झोपली खरी, पण नीट झोपली असेल असं वाटत नाही.

सकाळी उरुळीत कडाक्याची थंडी होती. याच गावात १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं होतं, पण त्या क्षणी आमच्या कंपूला चहाखेरीज दुसरा उपचार नको होता. ताईनं सगळ्यांना उभं केलं. आधी हवा, ब्रेक, चेन तपासून घेतली, मग हेल्मेटचे पट्टे. मग नियम सांगितले. दोन सायकलींत दोन सायकलींइतकं अंतर. पुढच्याच्या मागल्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधी न्यायचं नाही, कारण दोन चाकं घासली तर बहुधा मागचाच पडतो. खड्डा दिसला की हातानं दाखवायचा आणि ओरडायचं, "खड्डा!" थांबायचं असेल तर आधी आरोळी, मग ब्रेक. नजर आपल्या चाकावर नको, समोर लांबवर हवी. आणि हँडल आवळून धरायचं नाही, कारण हात आखडले की सायकल डुगडुगते.

मग तिनं विचारलं, "सगळ्यात सावकाश कोण चालवतं?"

कोण हात वर करणार? सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. शेवटी भाचीनं हात वर केला, कानापर्यंतच. पाठोपाठ आणखी तीन हात आले, आणि त्यातला एक गिअरच्या सायकलवाल्याचा होता!

"छान," ताई म्हणाली. "तुम्ही चौघं माझ्या मागं, सगळ्यात पुढं. तुमचा वेग तोच सगळ्यांचा वेग. आणि शेवटी सर. सरांच्या मागं कुणी राहू शकत नाही, कारण सर कुणाला ओलांडतच नाहीत."

बघा, किती साधी युक्ती! सावकाश चालवणारी मुलं मागं ठेवली, की पुढचे पळतात, रांग ताणली जाते आणि मागच्यांचा जीव धाकधूक होतो. पुढं ठेवली की रांग आपोआप एकत्र राहते. सायकलवाली मंडळी अशा शेवटच्या माणसाला 'स्वीप' म्हणतात. आमच्या मुलांनी पाच मिनिटांत सरांचं नाव 'शेपूट सर' ठेवलं, आणि सरांनी ते ऐकूनही ऐकलं नाही.

उरुळी सुटली तेव्हा भाचीचे खांदे कानाला लागले होते. पहिले दोन-तीन किलोमीटर ती एक अक्षर बोलली नाही. एक ट्रक धाडधाड गेला आणि त्याच्या वाऱ्यानं सगळ्यांच्याच सायकली किंचित हलल्या. मग कुणीतरी "खड्डा!" ओरडलं, पाठोपाठ बावीस वेळा "खड्डा, खड्डा" असं मागं मागं गेलं, आणि एकदम हशा पिकला. त्यानंतर खांदे खाली आले. वारा समोरून होता. पट्टीचे सायकलपटू जोरात जाताना पुढच्याच्या आडोशानं बरेच श्रम वाचवतात. ताशी बारा किलोमीटरला तसा फायदा फारसा होत नाही, पण पुढं कुणीतरी आहे याचं बरं वाटतंच.

कासुर्डीत थांबा होता. टेंपोतून चिक्की आणि केळी निघाली. निघायची वेळ झाली, तोच एका मुलाची चेन पडली. सगळ्यात उंच, आठवीतला, आणि रांगेच्या मधल्या भागात "जरा जोरात चला की" म्हणणाऱ्यांतला. त्यानं हातानं ओढाओढी केली, हात काळे झाले, तोंड लाल झालं. एकवीस जण खोळंबले. कुणी हसलं नाही. सगळे दुसरं केळं सोलण्यात गुंग होते! भाचीनं बांधावरची एक काडी मोडून आणली, चेन उचलली, दात्यांवर टेकवली आणि म्हणाली, "दादा, पायडल हळू फिरव." चेन बसली. तो "थँक्यू" म्हणाला, ही काही बोलली नाही. काडी मात्र तिनं कॅरिअरला अडकवून ठेवली.

यवतला रस्ता ओलांडताना सगळे उतरले आणि सायकली हातात धरून, दोन्हीकडं पाहत, एका दमात पलीकडं गेले. रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस झाला.

परतीला निघताना भाची ताईकडं गेली. "मी मागं राहू का, शेपूट सरांजवळ?"

"का गं? दमलीस?"

"नाही. कुणाची चेन पडली तर?"

तशी ती कासुर्डीवरून उरुळीपर्यंत शेवटून दुसरी आली. वाटेत पुन्हा कुणाची चेन पडली नाही, याचं तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

उरुळीत हजेरी झाली. बावीसच्या बावीस. पुढची फेरी यवतहून भुलेश्वरला न्यायची, असं सरांनी जाहीर केलं. डोंगरावरचं यादवांच्या काळातलं ते दगडी देऊळ फार सुंदर आहे, पण तिथवर चढ आहे चांगलाच. "चढावर सायकल ढकलत नेली तर चालेल?" कुणीतरी विचारलं. चालेल, असं सर म्हणाले. लगेच अकरा नावं लिहून झाली.