लाँचमधली बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी कशी पाठवायची याचे नियम जाडजूड पुस्तकांत आहेत. विमानासाठीचं पुस्तक वेगळं, जहाजासाठीचं वेगळं. पुण्या-मुंबईच्या गोदामांत माल बांधणाऱ्यांना आणि पाठवणाऱ्यांना ही पुस्तकं शिकवणं हे माझं काम. माझं गाव मात्र करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी. गावी गेलो की दिसतं, की न्हावा-शेव्याला ज्या खोक्याचे कागद तीनतीनदा तपासले गेले, त्याच्याकडे शेवटच्या टप्प्यात कुणी वळूनही बघत नाही. टेंभुर्णीला ते टेम्पोत उसाच्या बेण्याशेजारी चढतं आणि पाण्याच्या काठावर लाँचमध्ये डिझेलच्या कॅनला टेकून बसतं.

"दादा, यात काय आहे?" लाँचवाला विचारतो.

"काही नाही, सायकलीचं सामान."

बॅटरीच्या वाहतुकीतला सगळ्यात मोठा धोका या उत्तरात आहे असं मी मानतो.

उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं खोरं यशवंतसागराखाली गेलं. जुने रस्ते बुडाले. कुगावच्या काठावरून समोरचं कळाशी दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर टेंभुर्णीकडून भलामोठा वळसा. म्हणून माणसं, मोटारसायकली, बाजाराच्या पिशव्या, सगळं लाँचनं जातं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या अपघाताशी बॅटरीचा काही संबंध नव्हता. पण पाण्याच्या मध्यावर काही बिघडलं तर माणूस किती एकटा पडतो, हे त्या दिवसानं काठच्या प्रत्येक घराला दाखवलं. ट्रकमध्ये धूर दिसला तर चालक गाडी कडेला घेतो आणि खाली उडी मारतो. विमानात ते शक्य नसतं, लाँचमध्येही नसतं. म्हणून लाँचवर चढणाऱ्या बॅटरीला ट्रकचा नव्हे, विमानाचा नियम लावला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विमानाचा नियम एवढा कडक का, हे बॅटरीच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. बॅटरीच्या सायकलीचा साधा पॅक ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांचा असतो. दोन्हींचा गुणाकार केला की ३६० वॉट-तास. म्हणजे खिशातल्या वीसेक मोबाइलांची ऊर्जा एका डब्यात. त्या डब्यात बोटाएवढ्या चाळीसेक नळ्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात. आदळल्यामुळे, आत पाणी गेल्यामुळे किंवा बनावटीतल्या दोषामुळे एखाद्या नळीतला पातळ पडदा फाटला, की ती आतूनच तापू लागते. एका मर्यादेपलीकडे ती उष्णता स्वतःच स्वतःला वाढवते, नळी फुटते, ज्वलनशील आणि विषारी वायू बाहेर पडतात आणि शेजारची नळी तापते. ही साखळी एकदा लागली की ती बाहेरून तोडणं फार कठीण.

नळी किती जोरात पेटेल हे तिच्यात किती चार्ज आहे यावर बरंच अवलंबून असतं. पूर्ण भरलेली नळी उग्रपणे पेटते. तीस टक्क्यांवरची नळी बिघडली तरी तिची आग शेजारणीपर्यंत पोचण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून नेतानाही चार्ज तीस टक्क्यांच्या वर चालत नाही. आमच्याकडे लोक उलट करतात. पाठवायची म्हणून आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावतात, का, तर पोचल्यावर लगेच वापरता यावी. सोलापूरच्या मे महिन्यात अशी गच्च भरलेली बॅटरी टेम्पोच्या पत्र्याखाली दिवसभर भाजते.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात उरकतो. सुटी बॅटरी असेल तर तिचा धोकादायक मालाचा क्रमांक यूएन ३४८०. सायकलीच्याच खोक्यात पण काढून ठेवलेली असेल तर यूएन ३४८१. सायकलीत बसवलेली असेल तर २०२५ पासून यूएन ३५५६, जो लिथियम-आयनवर चालणाऱ्या वाहनांसाठी काढलेला नवा क्रमांक आहे. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या छोट्या बॅटऱ्यांना बऱ्याच सवलती आहेत, पण सायकलीची बॅटरी त्या मर्यादेच्या तिप्पट पुढे असते. ती नवव्या वर्गातला धोकादायक माल ठरते आणि खोक्यावर काळ्या उभ्या पट्ट्यांचं, खाली ज्वाळेसह बॅटरीचं चित्र असलेलं लेबल लागतं. शिवाय त्या बनावटीची बॅटरी यूएन ३८.३ च्या चाचण्यांतून गेलेली असावी लागते. त्यात ७२ अंशांची उष्णता आणि उणे ४० ची थंडी आळीपाळीनं, हादरे, धक्के, शॉर्ट सर्किट असं सगळं येतं. या चाचण्यांचा सारांश उत्पादकानं उपलब्ध ठेवणं १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. ऑनलाइन स्वस्त पॅक मागवणाऱ्यानं विक्रेत्याकडे एवढा एक कागद मागावा. तो टाळाटाळ करू लागला तर खरेदी तिथंच थांबवावी.

गोंधळ सायकलीच्या कायद्यामुळेही होतो. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर त्या सायकलीला ना नोंदणी लागते ना लायसन. लोक त्यातून असा अर्थ काढतात, की बॅटरीही निरुपद्रवीच असणार. रस्त्यावर चालवण्याची मोकळीक ही बॅटरीच्या वाहतुकीची मोकळीक नव्हे.

नाशिकचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात सांगतो. ९ एप्रिल २०२२ ला तिथल्या एका कारखान्यातून बंगळुरूकडे निघालेल्या कंटेनरमध्ये ४० इलेक्ट्रिक स्कूटर होत्या. पाथर्डी फाट्याजवळच आग लागली आणि त्यांतल्या २० जळाल्या. माणसं वाचली, कारण कंटेनर रस्त्यावर होता. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात मात्र आग हवेत लागली आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर होत्या. तपासात असं निघालं, की त्यांतल्या किमान तीन खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या आणि केल्या नव्हत्या. म्हणजे आपल्या पाठीशी काय रचलं आहे, हे चालवणाऱ्यांना पुरतं ठाऊकच नव्हतं. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही धोकादायक मालाबाबतचा १३१ वा नियम माल पाठवणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो, की वाहनमालकाला मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यावी. टेम्पोवाल्याला हा हक्क आहे, आणि लाँचवाल्यालाही तो मिळायला हवा. त्यांनी तो मागून घ्यावा, आणि मागितला तर कुणी चिडू नये.

आमच्या भागाला हे अवघड जाऊ नये. कंदरची केळी आखातात जातात. घडाच्या फण्या कशा सोडवायच्या, धुऊन खोक्यात कशा बसवायच्या, मधे फोम कुठं घालायचा, कंटेनरचं तापमान तेरा अंशांच्या आसपास का राखायचं, हे पॅकिंगवरची पोरं झोपेतसुद्धा सांगतील. एका फणीला ओरखडा उठला तर ती फणी बाजूला निघते. बॅटरीला हाच हात लागला पाहिजे. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी, भोवती हलणार नाही असं भक्कम पॅकिंग, खोक्यात चाव्या-पान्यांसारखं काही धातूचं नाही, चार्ज कमी, आणि खोक्यावर ठळक मराठीत लिहिलेलं: लिथियम बॅटरी. लाँचमध्ये ती पेट्रोलच्या टाक्यांपासून आणि डिझेलपासून लांब, तळाच्या पाण्यापासून वर, पण हाताला येईल अशी ठेवावी.

उन्हाळ्याचा वेगळा त्रास आहे. पाणी ओसरतं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लाँच लागण्याची जागाही आत सरकत जाते. मग गाळातून सामान डोक्यावर न्यावं लागतं. पाय घसरतो, खोकं पाण्यात पडतं. बुडालेली बॅटरी उन्हात वाळवून पुन्हा चार्जिंगला लावणारे मला काठच्या बऱ्याच गावांत भेटले. आत शिरलेलं पाणी नळ्यांच्या जोडण्या हळूहळू खात राहतं आणि बॅटरी कित्येक दिवसांनी, बहुधा रात्री घरात चार्जिंग चालू असताना पेटू शकते. बुडालेली, फुगलेली, आदळलेली किंवा गरम राहणारी बॅटरी ही नियमांच्या भाषेत सदोष बॅटरी. ती विमानानं जातच नाही. रस्त्यानं आणि समुद्रानं न्यायची तर तिच्यासाठी न जळणाऱ्या भरावाचं खास पॅकिंग लागतं. आपण ती पोत्यात घालून पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकतो, दुरुस्तीला म्हणून, आणि वर पन्नास माणसं झोपलेली असतात.

पेटलीच तर पाणी. लिथियम पाण्यात भडकतं ही समजूत शुद्ध लिथियम धातूच्या बाबतीत खरी आहे. सायकलीच्या बॅटरीत तो धातू तशा रूपात नसतो. भरपूर पाण्यानं ती थंड होते आणि पाणी बराच वेळ ओतत राहावं लागतं, कारण विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटते. धूर श्वासात जाऊ द्यायचा नाही, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं. लाँच काठाला लागलेली असेल तर आधी माणसं उतरवायची. मात्र जळकी किंवा निकामी बॅटरी जलाशयात भिरकावू नका. याच पाण्यात मासेमारी चालते आणि हेच पाणी सोलापूर शहर पितं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार निकामी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विकत घेतानाच पावतीवर दुकानदाराकडून परतीचा पत्ता लिहून घ्यावा. तोवर ती घराबाहेर, गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवावी. आणि ती न्यायला माणूस येईल तेव्हा ती कशानं बिघडली, बुडाली की आदळली, हे त्याला आधी सांगावं.