व्हर्च्युअल मशीनचे वजन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांना ६४ बिटांची ओपन सोर्स लिनक्स प्रणाली लागते. कोणती, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. लॅपटॉपवर विंडोज आणि ८ जीबी रॅम असली की लिनक्स व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवणे ओघाने आले, आणि त्याबरोबर सर्वांत हलकी कोणती हा प्रश्नही. उत्तर बहुधा आयएसओ फाइलचा आकार पाहून दिले जाते. टायनी कोअर २०-२५ एमबीत मावते, अल्पाइनची व्हर्च्युअल मशीनसाठीची आवृत्ती १०० एमबीच्या आत असते, म्हणून त्याच हलक्या! माझ्या मते हे माप चुकीचे आहे. फाइल एकदाच उतरवायची असते. रॅम मात्र मशीन चालू असेपर्यंत अडकून राहते, आणि प्रणाली सांभाळण्यात जाणारा वेळ तर सबंध सत्रभर खर्च होत राहतो.

रॅम खातो तो मुख्यतः डेस्कटॉप. उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीला किमान ४ जीबी लागते, म्हणजे आठातली निदान निम्मी तिथेच गेली. डेबियन बसवताना डेस्कटॉपच्या पर्यायावरची खूण काढली, तर तीच लिनक्स प्रणाली स्वस्थ असताना दोनशे एमबीच्या आसपास भागवते. पपी किंवा अँटीएक्स या लिनक्स प्रणालींची ख्याती जुन्या संगणकांना जिवंत करण्याची आहे आणि ती रास्त आहे. पण व्हर्च्युअल मशीनमधले हार्डवेअर जुने नसते, ते आभासी आणि ठरावीक साच्याचे असते. जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरांचे तिथे काहीच काम नाही. व्हर्च्युअलबॉक्सऐवजी केव्हीएमवर काम करणाऱ्यांसाठी तर डेबियनमध्ये असे अनावश्यक ड्रायव्हर वगळलेला वेगळा क्लाउड कर्नलही मिळतो.

यावर आक्षेप येतो तो असा, की कंटेनरच्या जगात अल्पाइन एवढी रुळली आहे, मग व्हर्च्युअल मशीनला ती का नको? कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतात आणि त्यांच्या प्रती शेकड्यांनी निघतात, त्यामुळे तिथे एकेका एमबीला किंमत असते. विद्यार्थ्याकडे मशीन एक, फार तर तीन. आणि अल्पाइनच्या लहानपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तिच्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते. ग्लिबसीसाठी बांधलेले तयार प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाहीत आणि बॅश गृहीत धरून लिहिलेल्या स्क्रिप्टही अडतात, कारण मुळात तिथे बिझीबॉक्सचा शेल असतो.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येते, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. मसल शब्दांची तुलना भाषेच्या नियमांनी न करता निव्वळ कोडच्या क्रमाने करते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून तिथे ‘काळ’ हा ‘कावळा’ आणि ‘काहूर’ या दोघांच्या आधी लागतो. ग्लिबसीत मराठीसाठी स्वतंत्र लोकेल आहे, त्यामुळे क्रमाच्या नियमांना निदान जागा तरी आहे. आयसीयू लायब्ररी वेगळी बसवून अल्पाइनवरही डेटाबेसचा क्रम सुधारता येतो, हे खरे. पण मग ज्या हलकेपणासाठी ती निवडली तोच थोडाथोडा सुटत जातो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स का नको, असेही विचारले जाते. भारतीय भाषांसाठी तिच्यात झालेले काम मोलाचे आहे आणि कार्यालयांच्या, शाळांच्या संगणकांवर ती शोभते. मात्र ती मुख्यतः डेस्कटॉपसाठी घडवलेली आहे आणि तिचा पाया डेबियनच आहे. व्हर्च्युअल मशीनला तेवढा पाया पुरतो. डेस्कटॉपशिवाय काम कसे करायचे, ही नवख्यांची धास्ती मला समजते. पण विंडोजमधूनच एसएसएचने आत शिरता येते आणि फाइल आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये उघडता येते. खिडक्या हव्याच असतील तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी नंतर बसवावे, १ जीबी रॅममध्येही त्यांवर साधे काम होते. अल्पाइन मी एकाच कामाच्या मशीनसाठी राखेन: डीएनएस, प्रॉक्सी किंवा फायरवॉल, जिथे बाहेरचा तयार प्रोग्राम कधीच आणावा लागणार नाही.