सायकलीवरचं मराठी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, मग बेट कुठून असणार? तरी एक जागा मला लहानपणापासून बेटासारखी वाटत आली आहे. नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीचं पाणी किल्ल्याभोवती खेळवलेलं, पलीकडे रणमंडळ, दोहोंना जोडणारा दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी फजरची नमाज पढून सायकल काढली आणि तुळजापूरमार्गे नळदुर्ग गाठलं. पन्नास-पंचावन्न किलोमीटर झाले असतील.

चहाच्या टपरीवर सोलापूरहून आलेले चार सायकलस्वार भेटले. हेल्मेट, हातमोजे, गिअरच्या सायकली. माझी साधी, मागे कॅरिअर असलेली. पण सायकलवाल्यांची ओळख व्हायला वेळ लागत नाही. टायरमधली हवा, हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक, अंगावर घेतलेला पाऊस, अशा गप्पा झाल्या. मग नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरे वा! तुमचं मराठी किती छान आहे!"

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण आपल्याच घरात पाहुणा म्हणून स्वागत व्हावं, तसं वाटतं. एरवी मी हसून सोडून देतो. त्या दिवशी म्हणालो, "काका, हे मराठी मला सायकलीनं शिकवलं."

खोटं नव्हतं ते. आमच्या गावची उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीपासून रोज सायकलीवर तालुक्याला जायचं. मोहल्ल्यात दखनी, शाळेत उर्दू. मराठीचा तास होता, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. रस्त्यावर मात्र मराठी शाळेची पोरं सोबत असायची. कुणाची चेन पडायची, कुणी पंक्चर झालं की दुसरा डबलसीट घ्यायचा. उर्दूत नपुंसकलिंग नाही. मी "पाणी आला" म्हणालो की पोरं खो-खो हसायची आणि "पाणी आलं" म्हणवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकाला जे जमलं नाही, ते त्या चढावर झालं.

आम्ही मिळूनच पाणीमहाल पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास तो बांधला. तिथल्या फारसी शिलालेखाकडे बोट दाखवून काका म्हणाले, "वाचा की, सर." मी अक्षरं लावली, पण सगळा अर्थ लागेना. त्यांना नवल वाटलं. मी विचारलं, "देवनागरी येते म्हणून संस्कृत येतं का?" ते मोकळेपणाने हसले. मग मी सांगितलं की ह्याच इब्राहिमने दखनीत लिहिलेल्या 'किताब-ए-नौरस'ची सुरुवात सरस्वतीच्या वंदनेने होते. ते ऐकून चौघेही जरा गप्प झाले.

परतताना विचार करत होतो. काकांना माझं नवल वाटलं, कारण त्यांच्या वाटेवर माझ्यासारखं कुणी आलंच नसावं. दोष एकट्या त्यांचा नाही. माझे विद्यार्थी रिक्षाने मोहल्ल्यातून शाळेत येतात, शाळेतून शिकवणीला, शिकवणीतून पुन्हा मोहल्ल्यात. मराठीत पास होतात, पण तहसीलमध्ये अर्ज द्यायचा म्हटलं की माझ्याकडे बघतात. त्यांना "पाणी आलं" म्हणवून घेणारं कुणी वाटेत भेटतच नाही. मीही मराठीच्या शिक्षकाला दोष देऊन मोकळा होत होतो.

आता थंडीत नववीच्या मुलांना सायकलीवर न्यायचं ठरवलं आहे. शेजारच्या मराठी शाळेतल्या एका शिक्षकमित्राला त्याची मुलं घेऊन ये म्हणालो आहे. परवानगी मागायला घरोघर गेलो, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या अम्मीने विचारलं, "इत्ती दूर सायकल पे काय कू, सर?"

मी म्हणालो, "मराठी सीखने कू, आपा."